अनोळखी वाचकाचा शोध

६ नोव्हेंबर १४५५ रोजी जर्मनीतील माइंत्स शहरात, फ्रान्सिस्कन साधूंच्या मठात, एका सावकाराने शपथेवर सांगितले की योहान गुटेनबर्गला दिलेला पैसा आपणही व्याजानेच उचललेला होता. उलरिख हेल्मास्पेर्गर नावाच्या नोटरीने तो जबाब नोंदवून घेतला. सावकार होता योहान फुस्ट. त्याने १४५० मध्ये ८०० गुल्डेन दिले होते आणि त्या कर्जाला छपाईची अवजारे तारण होती. पुढे १४५२ च्या सुमारास ‘पुस्तकांच्या कामा’साठी त्याने आणखी ८०० गुल्डेन घातले. मुद्दल आणि व्याज मिळून दावा २०२६ गुल्डेनांवर पोचला होता. गुटेनबर्ग त्या दिवशी स्वतः हजर राहिला नाही, त्याने आपली माणसे पाठवली. फुस्टच्या बाजूने साक्षीला उभा होता पीटर शोफर. पॅरिसमध्ये हस्तलिखिते लिहिलेला हा सुंदर अक्षराचा लेखनिक गुटेनबर्गच्या कामाशी जोडला गेला होता. पुढे फुस्ट आणि शोफर यांनी मिळून छापखाना चालवला आणि शोफर फुस्टचा जावईही झाला. युरोपातील खिळाछपाईच्या जन्माचा सर्वांत भरवशाचा कागद असा एका कर्जाच्या भांडणाचा आहे. ज्या बायबलमुळे गुटेनबर्गचे नाव राहिले, त्या बायबलवर त्याचे नाव नाही, गावही नाही आणि सालही नाही.

युरोपातील छपाईचा इतिहास मराठी वाचकापुढे ठेवताना सुरुवात या दाव्यापासून करण्याला कारण आहे. शोधांच्या गोष्टी आपण बहुधा एका माणसाच्या गोष्टी म्हणून ऐकतो: कोणाला तरी काही सुचले, त्याने ते करून दाखवले, आणि जग बदलले. छपाईच्या बाबतीत ही मांडणी टिकत नाही. गुटेनबर्गने जे एकत्र आणले त्यातले जवळजवळ सगळे आधीपासून हाताशी होते. स्क्रूचे दाबयंत्र द्राक्षांचा रस काढणाऱ्यांकडे होते. पोलादावर अक्षर कोरून त्याचा ठसा मऊ धातूत उठवणे सोनारांच्या आणि नाणी पाडणाऱ्यांच्या अंगवळणी पडलेले होते. कागद चीनमधून समरकंद, बगदाद आणि स्पेन अशी वाट तुडवत आला होता. इटलीतील फाब्रियानो येथे तेराव्या शतकातच पाण्यावर चालणारे हातोडे लिननच्या चिंध्यांचा लगदा कुटत होते, आणि १३९० मध्ये उलमान श्ट्रोमर या व्यापाऱ्याने न्यूरेंबर्गला कागदाची गिरणी उभी केली होती. गुटेनबर्गची स्वतःची भर म्हणजे एकसारख्या उंचीचे खिळे पुन्हा पुन्हा ओतता येतील अशी पद्धत आणि धातूला धरून राहणारी तेलाची शाई. ही भर मोठी आहे, ती कमी लेखण्याचा हेतू नाही. पण या भरीने एक नवीच अडचण जन्माला घातली. ती अडचण कशी सुटली, कुठे सुटली आणि कुठे सुटलीच नाही, यातच छपाईचा खरा इतिहास आहे असे माझे म्हणणे आहे.

ती अडचण समजायला हाताने लिहिलेल्या पोथीचा व्यवहार डोळ्यांपुढे आणावा लागतो. पोथी मागणीवर तयार होते. कोणी मागितली की लेखनिक लिहायला बसतो; लिहून झाली की घेणारा ठरलेलाच असतो. फ्लॉरेन्सचा ग्रंथविक्रेता व्हेस्पासियानो दा बिस्तिच्ची याने कोझिमो द मेदिचीसाठी ४५ लेखनिक बसवून २२ महिन्यांत २०० ग्रंथ लिहवून दिल्याचे स्वतःच नोंदवले आहे. त्या काळाच्या मानाने हा वेग विलक्षण होता, पण त्या २०० ग्रंथांपैकी एकही गिऱ्हाइकाविना पडून राहणार नव्हता. छापखान्यात हे सगळे उलटे होते. जुळाऱ्याने खिळे जुळवून पान बांधले की त्या पानाच्या लागतील तेवढ्या प्रती तेव्हाच काढून घ्याव्या लागतात, कारण खिळे मोडून पेटीत परत टाकल्याखेरीज पुढच्या पानाला ते मिळत नाहीत. म्हणजे किती लोक पुस्तक घेतील हे विक्रीच्या आधी, कागद विकत घेतानाच ठरवायचे. कागदाचा पैसा आज जातो, पुस्तकाचा पैसा वर्षा-दोन वर्षांनी येतो, आणि तो कोणाकडून येणार हे ठाऊक नसते. फ्लॉरेन्सच्या रिपोली मठाच्या छापखान्यात जोगिणी खिळे जुळवत असत. त्या छापखान्याचे हिशेब आजही उपलब्ध आहेत. प्लेटोच्या लॅटिन भाषांतराच्या छपाईला तिथे दर जुजामागे, म्हणजे घडी घातलेल्या तावांच्या जुडीमागे, तीन फ्लोरिन आकारले गेले. लेखनिकाने तेवढ्याच मजकुराच्या एका प्रतीला साधारण एक फ्लोरिन घेतला असता. छापखान्याने तीन फ्लोरिनांत १०२५ प्रती दिल्या. हे आकडे वाचून बहुतेक लेखक छपाईच्या स्वस्ताईचे कौतुक करतात. मला त्यात १०२५ माणसे कुठून आणायची हा प्रश्न दिसतो.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो रास्त आहे. युरोपच्या कितीतरी आधी चीनमध्ये बी शेंगने १०४० च्या दशकात भाजलेल्या मातीचे सुटे खिळे वापरले होते. कोरियातील ह्युंगदोक मठात १३७७ मध्ये धातूच्या खिळ्यांनी छापलेला ‘जिक्जी’ हा बौद्ध ग्रंथ आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. मग गुटेनबर्गला शोधक का म्हणायचे? नाही म्हटले तरी चालेल. आद्यत्वाचा मान कोरियाचाच आहे. पण या आक्षेपामागे दुसरे एक गृहीत लपलेले असते, ते मात्र मान्य करता येत नाही: पूर्वेकडे शोध लागूनही तो वाया गेला, असे ते गृहीत. चीनमध्ये ग्रंथांचा व्यापार गुटेनबर्गच्या आधीपासून जोरात होता आणि त्यानंतरही शतकानुशतके राहिला. तो मुख्यतः चालत होता लाकडी ठोकळ्यांवर. सबंध पान कोरलेला ठोकळा जपून ठेवता येतो. आज पन्नास प्रती काढा, संपल्या की पुढच्या वर्षी आणखी पन्नास. कागद साठवावा लागत नाही, मागणीचा अंदाज बांधावा लागत नाही, आणि हजारो चिन्हांच्या लिपीसाठी खिळ्यांचा डोंगरही ओतावा लागत नाही. त्या लिपीला आणि त्या बाजाराला ठोकळाच सोयीचा होता, आणि तिथल्या प्रकाशकांनी तो शहाणपणाने निवडला. युरोपातल्या मुद्रकाला अशी सोय नव्हती. त्याच्या अवजारानेच त्याला शेकडो प्रती एकदम काढायला आणि त्या खपवायला माणसे शोधायला भाग पाडले. लेखनिकाला वाचक माहीत असे. मुद्रकाला वाचक शोधावा लागला, आणि तोही अनोळखी.

पहिल्या पिढीतले अनेक मुद्रक याच जागी बुडाले. कोनराड श्वाइनहाइम आणि आर्नोल्ड पानार्ट्झ या दोघा जर्मनांनी १४६५ च्या सुमारास रोमजवळच्या सुबियाको मठात इटलीतील पहिला छापखाना मांडला आणि १४६७ मध्ये तो रोमला नेला. त्यांची निवड डोळस होती: सिसेरो, लॅक्टान्शियस, संत ऑगस्टिन, म्हणजे मानवतावादी पंडित ज्यांच्यावर जीव टाकत होते ते लेखक. पाच-सात वर्षांत त्यांनी १२ हजारांच्या आसपास प्रती छापल्या. १४७२ मध्ये त्यांच्या वतीने पोप सिक्स्टस चौथा याच्याकडे मदतीचा अर्ज गेला. आमचे घर छापील तावांनी भरले आहे आणि खायच्या वस्तूंनी रिकामे आहे, असा त्याचा आशय होता. उत्तम ग्रंथ, उत्तम छपाई आणि विद्वानांचे शहर, एवढे असूनही ही गत झाली. प्रबोधनकाळाचे वर्णन करताना आपण विद्येच्या पुनर्जन्माबद्दल पुष्कळ बोलतो. त्या विद्येचे विकत घेणारे किती थोडे होते, हे या अर्जातून कळते.

मग छपाई तरली कशावर? याचे उत्तर माइंत्समध्येच आहे, आणि ते बायबलमध्ये नाही. बायबलच्या प्रतींना काम संपण्याआधीच गिऱ्हाइके मिळाल्याची बातमी पुढे पोप झालेल्या एनेआ सिल्व्हिओ पिकोलोमिनी याने मार्च १४५५ च्या पत्रात कळवली आहे. १५८ किंवा १८० प्रती असल्याचे त्याच्या कानावर आले होते. तरीही गुटेनबर्ग कर्जातच राहिला, कारण सुमारे १२८० पानांचा तो ग्रंथ दोनेक वर्षे पैसा गिळत होता. त्याच वेळी तिथे दुसरेही काही छापले जात होते. २९ मे १४५३ रोजी कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडले. सायप्रसच्या रक्षणासाठी पैसा उभारायला चर्चने पापक्षमापत्रे काढली. एका तावावर मजकूर, मध्ये नाव आणि तारखेसाठी मोकळी जागा. पैसे देणाऱ्याचे नाव लिहायचे आणि ताव हाती द्यायचा. अशी १४५४ ची छापील पत्रे आजही मिळतात. १४५५ सालासाठी तुर्कांविरुद्ध राजेरजवाड्यांना महिन्यागणिक हाक घालणारे एक पंचांगवजा चोपडेही जर्मन भाषेत निघाले. मोकळी जागा सोडलेला तो ताव मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत बोलकी वस्तू वाटते. घेणारा कोण हे मुद्रकाला ठाऊक नाही, पण कोणीतरी घेणार याची खात्री आहे. ती खात्री युद्धाच्या भयाने आणि परलोकाच्या धास्तीने दिली.

झगड्याने छपाईला गिऱ्हाईक दिले, एवढेच मी म्हणतो. झगड्याने छपाई निर्माण केली असे मात्र म्हणत नाही, कारण तो दावा पुराव्यापुढे टिकत नाही. एक प्रसिद्ध कथा आहे: माइंत्सच्या आर्चबिशपपदासाठी डीटर फॉन इझेनबुर्ग आणि अडॉल्फ फॉन नासाउ यांच्यात लढाई जुंपली, २८ ऑक्टोबर १४६२ च्या पहाटे अडॉल्फच्या सैन्याने शहर लुटले, सुमारे ४०० माणसे मारली गेली, शेकडो नागरिक हद्दपार झाले, आणि त्यांच्याबरोबर पांगलेल्या कारागिरांनी छपाईची विद्या युरोपभर नेली. कथेचे नाट्य सुरेख आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. उलरिख त्सेल माइंत्सहूनच कोलोनला गेला. पण स्ट्रासबुर्गला योहान मेंटेलिन आणि बांबेर्गला आल्ब्रेख्ट फिस्टर १४६० च्या आसपासच छापू लागले होते, शहर लुटले जाण्याआधीच. लुटीने कारागिरांना घराबाहेर काढले असेल. ते कुठे स्थिरावले हे मात्र लुटीने ठरवले नाही. ते व्यापारी पेठांत स्थिरावले: कोलोन, बासेल, न्यूरेंबर्ग, आउग्सबुर्ग, व्हेनिस. जिथे हुंडी वटत होती, गाड्यांची आणि बोटींची ये-जा होती, शाळा आणि वकील होते, तिथे छापखाना टिकला. नुसत्या विद्यापीठाच्या गावांत तो अनेकदा उघडला आणि बंदही पडला. १५०० पर्यंत अडीचशेहून अधिक गावांत छपाई झाली आणि सुमारे ३० हजार प्रकाशने निघाली, हे खरे. पण त्यांतला फार मोठा वाटा डझनभर पेठांचा आहे. गुटेनबर्गच्या वाट्याला या वैभवातले काही आले नाही. १४६५ मध्ये त्याच अडॉल्फने त्याला दरवर्षी कपडे, धान्य आणि दारू असे निर्वाहसाधन लावून दिले, आणि १४६८ च्या फेब्रुवारीत तो वारला.

व्हेनिसचा आल्दुस मानुतियुस या मांडणीला सर्वांत अवघड जातो, म्हणूनच त्याच्याकडे नीट पाहिले पाहिजे. पैशाच्या आणि पेठेच्या भाषेत सगळे सांगू गेले तर विद्येच्या प्रेमाला जागा उरते का, असा प्रश्न कोणीही विचारील. आल्दुसने १४९० च्या दशकात छापखाना काढला तो ग्रीक ग्रंथांसाठी. अ‍ॅरिस्टॉटलचे ग्रीक मूळ त्याने १४९५ ते १४९८ या काळात पाच खंडांत छापले. नफ्याचा विचार करणाऱ्या माणसाने हे काम हाती घेतले नसते. त्याच्याभोवती क्रीटमधून आलेले मार्कुस मुसुरुससारखे ग्रीक पंडित होते. तुर्कांच्या रेट्याने पूर्वेकडचे ग्रीक विद्वान आणि हस्तलिखिते व्हेनिसकडे सरकली होती. बेसारिऑन या ग्रीक कार्डिनलने १४६८ मध्ये आपला हस्तलिखितांचा अमोल संग्रह त्या शहराला देऊन टाकला होता. शब्दाशब्दाची पाठचिकित्सा करणारी ही मंडळी पैशासाठी रात्री जागवत नव्हती. त्यांचे प्रेम खरे होते, आणि आजही ग्रीक नाटके आणि तत्त्वज्ञान आपल्यापर्यंत पोचते ते काही अंशी त्यांच्यामुळे. तरीही १५०१ मध्ये याच आल्दुसने व्हर्जिलचा छोटा, हातात मावणारा ग्रंथ काढला. अक्षरे तिरपी आणि दाट होती, फ्रान्चेस्को ग्रिफोने कोरलेली; भाष्य आणि टीपा गाळलेल्या. मेजावर मांडायचा ग्रंथ खिशात आला. तो कोणासाठी? प्रवासात, छावणीत किंवा दरबारात फावल्या वेळी वाचणाऱ्या माणसासाठी. त्या माणसाला पंडिताच्या टीपा नको होत्या, कवी हवा होता. अ‍ॅरिस्टॉटल छापणाऱ्यालाही अनोळखी वाचकाची चेहरेपट्टी ओळखावी लागली, आणि आल्दुसने ती इतर कोणाहीपेक्षा चांगली ओळखली. विद्येचे प्रेम आणि पेठेची नजर यांचे वैर असतेच असे नाही. १५०९ मध्ये कांब्राईच्या युतीने व्हेनिसवर युद्ध लादले तेव्हा आल्दुसला छापखाना बंद करून शहर सोडावे लागले, आणि १५१२ मध्ये तो परतला. झगडा गिऱ्हाईक देतो तसा ते हिरावूनही घेतो.

मार्टिन ल्यूथरच्या प्रकरणात हे दोन्ही एकाच गावात दिसते. छपाईने धर्मसुधारणा घडवली, हे वाक्य इतक्या वेळा लिहिले गेले आहे की ते तपासायचे राहूनच जाते. यान हुसने शंभर वर्षे आधी चर्चला आव्हान दिले, १४१५ मध्ये कॉन्स्टान्स येथे त्याला जाळले, आणि छापखाना नसतानाही बोहेमियात त्याच्या अनुयायांनी मोठे युद्ध लढवले. तेव्हा बंडाला यंत्र लागतेच असे नाही. मग फरक कशात पडला? ल्यूथरने १५१७ नंतर लॅटिन सोडून जर्मनमध्ये, आठ-सोळा पानांत, साध्या वाचकासाठी लिहायला घेतले. असे चोपडे दोन दिवसांत छापून होते, भांडवल थोडे लागते, आणि पैसा आठवड्यात परत येतो. रोमच्या मुद्रकांना मारून टाकणारा प्रश्न या चोपड्यांनी सोडवला. याचा सर्वांत स्पष्ट पुरावा ल्यूथरच्या विरोधकांच्या गावातून मिळतो. लाइप्झिगवर सत्ता असलेला सॅक्सनीचा ड्यूक गेओर्ग कट्टर कॅथलिक होता. त्याने ल्यूथरचे लेखन छापायला बंदी केली. १५२४ मध्ये शहराच्या नगरपालिकेने मुद्रकांच्या वतीने गाऱ्हाणे घातले: जे छापायला परवानगी आहे ते आमच्याकडे ढिगाने पडले आहे आणि फुकट दिले तरी कोणी घेत नाही, जे लोक मागतात ते छापता येत नाही, आणि आमची घरेदारे बुडत आहेत. यंत्र तेच, कारागीर तेच, कागद तोच. ड्यूकच्या हुकमाने वाचक बदलता आला नाही. जी यंत्रे पापक्षमापत्रे छापून तरली होती, त्यांनीच आता पापक्षमापत्रांवरचा हल्ला छापला. यात विसंगती नाही. यंत्राला मत नसते.

म्हणूनच छपाईला सरसकट प्रगतीची मशाल म्हणणे मला पटत नाही. १४८० च्या दशकात निघालेला चेटकिणी शोधण्याचा आणि त्यांना शिक्षा करण्याचा ग्रंथ ‘मालेउस मालेफिकारुम’ पुन्हा पुन्हा छापला गेला, कारण त्यालाही गिऱ्हाईक होते. त्याचे निरपराध बायकांनी काय मोल मोजले हे विसरता येत नाही. त्याच छपाईने १५२५ मध्ये जर्मन शेतकऱ्यांच्या बारा मागण्या काही आठवड्यांत देशभर पोचवल्या. ते बंड चिरडले गेले, पण कष्टकऱ्यांची मागणी गावोगाव एकाच शब्दांत वाचली गेली होती. सत्ताधाऱ्यांना हे लवकर उमगले. माइंत्सच्याच आर्चबिशपने १४८५ मध्ये जर्मन भाषांतरांवर परवान्याची अट घातली, आणि फ्रान्सच्या राजाने १५३५ च्या जानेवारीत राज्यातली सगळी छपाईच थांबवण्याचा हुकूम काढून पाहिला. हुकूम काही आठवड्यांतच मागे पडला. एलिझाबेथ आयझेनस्टाइन यांनी १९७९ मध्ये छपाईला युरोपीय विचारक्रांतीचे मुख्य कारण ठरवले, तेव्हा मजकूर स्थिर होणे हा त्यांचा आधार होता: एकच पाठ हजार ठिकाणी एकसारखा. नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिले की पहिल्या शतकातले छापील ग्रंथ चुकांनी भरलेले होते, प्रतीप्रतीत फरक होते, आणि भरवसा यंत्रामुळे आला नाही. तो मुद्रकांनी, संपादकांनी आणि वाचकांनी हळूहळू कमावला. या वादात मी दुसऱ्या पक्षाकडे झुकतो. व्हेनिसमध्ये १५३८ च्या सुमारास पागानिनी पितापुत्रांनी अरबी खिळ्यांत कुराण छापले, तुर्की साम्राज्यात विकायला. त्यात इतक्या चुका होत्या की ज्यांच्यासाठी ते होते त्यांनी ते हाती धरणे शक्यच नव्हते. अनोळखी वाचकाला विकायचे म्हणजे त्याच्याविषयी अज्ञानी राहायचे असे नाही. तो कसा वाचतो आणि कशाला पवित्र मानतो, हे पागानिनींना ठाऊक नव्हते.

आणि इथे हा विषय आपल्या दाराशी येतो. १५५६ मध्ये अबिसिनियाला निघालेल्या जेझुइटांबरोबर एक छापखाना गोव्यात उतरला आणि तिथेच राहिला. भारतातला हा पहिला छापखाना, गुटेनबर्गवरच्या दाव्यानंतर अवघ्या १०१ वर्षांनी. १५६३ मध्ये गार्सिया द ओर्ताचा भारतीय वनौषधींवरचा पोर्तुगीज ग्रंथ गोव्यातच छापला गेला. १५७८ मध्ये कोल्लमला तमिळ लिपीत पुस्तक निघाले. १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात आला, मराठी शिकला, आणि त्याने सुमारे ११ हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ मध्ये राशोलला छापले गेले, मराठी भाषेत पण रोमन लिपीत. कारण स्टीफन्सनेच १६०८ च्या पत्रात दिले आहे. या देशाच्या लिपीत पुस्तक छापलेले पाहावे अशी त्याची वर्षानुवर्षांची इच्छा होती. पण इथली अक्षरे युरोपातल्या चोवीस वर्णांसारखी सुटी नसल्याने सुमारे ६०० साचे लागतील, आणि ते अशक्य वाटते, असे त्याने वरिष्ठांना लिहिले.

देवनागरीची जोडाक्षरे, काना-मात्रा आणि रफार यांमुळे आपल्याकडे छपाई उशिरा आली, हे स्पष्टीकरण मराठीत फार चालते आणि स्टीफन्सचे पत्र त्याचा आधार म्हणून दाखवले जाते. मला ते पुरेसे वाटत नाही. गुटेनबर्गने लॅटिनच्या मोजक्या अक्षरांसाठी बायबलमध्ये जवळपास २९० वेगवेगळे खिळे केले होते: संक्षेप, जोडअक्षरे, एकाच अक्षराच्या रुंद-अरुंद आवृत्त्या. लेखनिकाच्या हस्ताक्षराची शोभा खिळ्यांत यावी म्हणून त्याने हा खटाटोप केला. २९० वरून ६०० ही उडी मोठी आहे, पण अशक्य नाही. कोल्लमच्या तमिळ पुस्तकाने ते दाखवूनही दिले होते. फुस्टने १६०० गुल्डेन गुंतवले, कारण पुस्तक विकले जाईल असा त्याचा हिशेब होता. गोव्यात असा हिशेब करणाराच कोणी नव्हता. छापखाना चर्चचा, खर्च चर्चचा, आणि वाचक चर्चने नेमून दिलेला. तिथे १५६० पासून इन्क्विझिशन होते, इथल्या लोकांच्या जुन्या पोथ्यांवर बंदी होती, आणि १६८४ मध्ये तर व्हाइसरॉयने स्थानिक भाषाच मोडून काढण्याचा हुकूम काढला. ज्या वाचकाची भाषा मिटवायची आहे त्याच्यासाठी ६०० साचे कोण ओतणार? झगडा गोव्यातही होता, पण त्या झगड्यात दुसऱ्या बाजूला बोलायला छापखाना मोकळा नव्हता.

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. घाटावर मराठी वाचकच नव्हता, म्हणून छपाई आली नाही, असे यातून निघते का? अजिबात नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ तयार केला. आल्दुसभोवतीचे ग्रीक पंडित जे काम करत होते तेच हे काम होते, आणि काळाचे अंतरही शतकाहून कमी. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद होत होता. अनोळखी श्रोता तर कीर्तनाने आणि वारीने कधीच शोधला होता. अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंत ग्रंथ पोचवण्याची मराठीची ती रीत छपाईपेक्षा जुनी आहे. ग्रंथ कानावाटे पोचत होता आणि हवी तेव्हा पोथी लिहून मिळत होती, तेव्हा चीनमधल्या प्रकाशकाप्रमाणे मराठी समाजालाही त्या यंत्राची निकड भासली नाही. ती भासली एकोणिसाव्या शतकात, शाळा, कचेरी, मिशनरी आणि वर्तमानपत्रे यांनी मराठीत वाद आणि वाचक दोन्ही एकदम उभे केले तेव्हा. १८०५ मध्ये सेरामपूरला विल्यम केरीचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांत छापले गेले. दोनशे वर्षांपूर्वी अशक्य वाटलेले साचे तेव्हा ओतले गेले.

युरोपातल्या या छापखान्यांची, कर्जांची, लढायांची आणि ग्रंथांची कथा वाचताना वाचकाने प्रत्येक ठिकाणी एवढेच विचारावे: हे पुस्तक छापणाऱ्याने कोणासाठी छापले, आणि त्या माणसाला ते हवे होते का? गुटेनबर्गच्या बायबलच्या पूर्ण-अपूर्ण मिळून ४९ प्रती आज जगात आहेत. ख्रिस्तपुराण १६१६ नंतर १६४९ मध्ये आणि १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत अद्याप सापडलेली नाही. ते आपल्यापर्यंत आले हाताने लिहिलेल्या प्रतींतून.